बुरुलच्या दुकानाचा कंटेनर

अहो बुरुलचे बाबा, बिश्केकहून सलाम. माझा गुडघा बरा आहे. तुम्ही वेळेवर जेवता ना?

दोरदोय बाजारात दुकानं म्हणजे कंटेनरच. लेकीसाठी एक बघितला, तर किंमत ऐकून मी हबकलेच! एका लोखंडी डब्यापायी आपल्या सगळ्या मेंढ्या जायच्या! बुरुल म्हणाली, "आई, हिवाळ्यात भाव उतरेल, थांबू."

मी "या अल्ला!" म्हणून तळहात वर केले आणि तोंडावरून फिरवले. विकणाऱ्याला वाटलं, म्हातारीने सौद्याला दुआच दिली. "आमीन, आजी!" म्हणत त्याने किल्ली हातात ठेवली. दिलेली दुआ परत कशी घेणार?

आज शेजारचाच कंटेनर दीडपट भावाने गेला! आपला विकणारा कपाळ बडवतोय.

आता मेंढ्या विकायला बाजारात न्या. रागवायचंच असेल तर घरच्या घोडीवर रागवा, मी इथे दुकानात बसलेय.

तुमचीच म्हातारी