हट्ट माझाच होता

आये,

मी पहिल्या पाळीला कामावर चाललेय. तुला झोप लागली होती, म्हणून उठवलं नाय. भाकऱ्या टोपलीत हायेत. गोळी भाकरी खाल्ल्यावरच घे. निघण्याआधी वीस मिनिटं गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेव, म्हणजे गाडीत जास्त सुजणार नाय.

काल मी तुझा पाय धरून जोरात वाकवला. आता वाकला नाय तर कायमचा आखडेल, असं महाडच्या फिजिओच्या मॅडम म्हणाल्या होत्या. तू ओरडलीस, "सोड गो, मेले मी!" तरी मी सोडला नाय. चुकलंच माझं. मग तू म्हणालीस, "माझा आधीचा गुडघाच बरा होता. तुझ्या हट्टापायी मी हे करून बसले." तुडीलहून तुला इथे बिरवाडीला मीच आणलं, गुडघा बदलायचं ऑपरेशनही मीच करायला लावलं. तीन महिन्यांत दुखणं जाईल, असंही मीच सांगितलं. आता सातवा महिना लागला.

तू हृतिकदादाला बोलावलंस, ते मला त्याच्याकडूनच कळलं. अकरा वाजता तो गाडी घेऊन येईल. मुंबईला त्याच्याकडे लिफ्ट हाय, तुला बरं पडेल. व्यायामाचा कागद तुझ्या पिशवीत घातलाय. पूजावहिनीला दाखव, तिचा हात माझ्यापेक्षा हलका हाय. जिना उतरताना ऑपरेशनचा पाय आधी टाक.

आज मला सुट्टी मिळत होती, मीच घेतली नाय. माझ्या घरातून निघताना तू दादाचा हात धरशील, ते मला बघवणार नाय.

दर्शना