वन्संनी पाठवलेले काचेचे डबे

आदरणीय वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बरी नसती तर तुम्ही एव्हाना फोन करून सगळ्यांना कळवलं असतं. गुडघे काय म्हणतात? ऑपरेशन केलेल्या डोळ्याने नीट दिसायला लागलं असेल तर हे पत्र स्वतः वाचा, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका. जावयांकडून तर नाहीच. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कोणी नाही.

घरात फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, असं तुम्ही म्हणाल. आमच्या खोल्या दोन आणि मधे दार नाही, पडदा आहे. पडद्याच्या पलीकडे तुमचे भाऊ. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा हात गेला, पण कान दोन्ही शाबूत आहेत. मी इकडे हळू बोलले तरी तिकडून उत्तर येतं. म्हणून कामावर, लॉन्ड्रीतल्या जेवणाच्या खोलीत बसून लिहितेय. माझी शाळा चौथीत सुटली आणि तुम्ही मुख्याध्यापिका होऊन रिटायर झालात, तेव्हा चुका दिसतीलच. लाल पेन हातात घेऊ नका. (घेतलंत तरी तपासलेलं पत्र मला परत पाठवू नका.)

तर आधी डब्यांबद्दल आभार. सहाच्या सहा काचेचे डबे धड पोचले. एकालाही तडा गेला नाही. गेला असता तर बरं झालं असतं, पण ते पुढे सांगते.

तुम्ही मागे येऊन गेलात तेव्हा हे नुकतेच हॉस्पिटलमधून आले होते, त्यामुळे आता आमचं कसं चालतं ते तुम्हाला माहीत नाही. उजवा हात आहे तसाच आहे, खांद्याला अडकवून ठेवल्यासारखा. पाय ओढत घरातल्या घरात फिरतात. मी सकाळी कामावर जाताना यांचं दुपारचं जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची. दुपारी हे स्वतः उठायचे, डबा काढायचे, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवायचे, बटण दाबायचे आणि जेवायचे. गॅसला हात लावू देत नाही मी. दिवसभरात हे एकच काम त्यांचं त्यांनी करायचं असं होतं. जन्मभर क्रेन चालवलेला माणूस, वन्सं. तीन मजल्यांएवढा उंच लोखंडी खांब उचलून जागेवर नेऊन ठेवायचा, खाली माणसं श्वास रोखून उभी असायची. तो आता डबा उचलून ओव्हनमध्ये ठेवायचा आणि संध्याकाळी मी आले की सांगायचा, "जेवलो बरं का, माझं मी घेतलं." मीही हो का, छान, म्हणायची. (मनात म्हणायची, भांडं तेवढं विसळायचं राहिलं. पण तोंडाने नाही.)

आणि मग तुमचा तो रविवारचा फोन आला. प्लॅस्टिक तापलं की त्यातलं काहीबाही अन्नात उतरतं, तेलकट असलं तर जास्तच, जुना ओरखडे पडलेला डबा असला तर विचारूच नका, असं तुम्ही वर्गात शिकवल्यासारखं सांगितलंत. फोन स्पीकरवर होता. यांचा चेहरा असा झाला की जणू मीच रोज चमचाभर विष वाढत होते. मी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, शक्यतो टाळा. मी म्हटलं, शक्यतो म्हणजे टाळू की नको? ते म्हणाले, जमेल तेवढं टाळा. या 'शक्यतो' शब्दाबद्दल डॉक्टरांना दंड करायला हवा. साडी घ्यायला गेलं तर दुकानदार 'शक्यतो रंग जात नाही' म्हणाला तर आपण ती घेऊ का? चिनी मातीचा वाडगा देऊन पाहिला. जड होता, पहिल्याच दिवशी हातातून सुटला, आणि हे डाव्या हाताने तुकडे वेचत बसलेले मला संध्याकाळी सापडले. तेवढ्यात तुमचे डबे आले. काच, पण हलकी. झाकण घट्ट, चारही बाजूंना खटके. तुमच्या स्वभावासारखे, काही सांडायची सोयच नाही. मी जुने प्लॅस्टिकचे डबे त्याच दिवशी भंगारात दिले.

त्यानंतर तुमच्या भावाने दुपारचं जेवण सोडलं.

संध्याकाळी यावं तर डबा फ्रिजमध्ये जसाच्या तसा. विचारलं तर, भूक नव्हती. दुसऱ्या दिवशी, पोट जड होतं. मग म्हणाले, इतकी वर्षं विषच खाल्लं ना, आता पोट धरत नाही. मग म्हणे, त्या ओव्हनच्याच वाफेचा वास येतो. अंथरुणात बिस्किटांचा चुरा सापडायचा. रात्री मात्र मी ताट वाढलं की असे जेवायचे की दुसऱ्या वाढपाला मला उठायला वेळ मिळायचा नाही. मला वाटलं, नखरे. बायकोने राबून यावं आणि ताजं गरम समोर ठेवावं, तेव्हा साहेबांच्या घशाखाली उतरणार. मी ते बोलूनही दाखवलं, अगदी याच शब्दांत. हे कूस बदलून झोपले. वजनाच्या काट्यावर मात्र डॉक्टरांची भुवई वर गेली. पँटला दोरी बांधायला लागली. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे, आणि हे त्या बिस्किटावर घेत होते. रविवारी तुम्ही विचारायचात, "माझ्या डब्यात जेवतोस ना रे?" आणि हे म्हणायचे, "हो ताई, फार छान आहेत." मी पडद्याआड कपाळाला हात लावून उभी.

आता माझ्या लॉन्ड्रीतली भानगड सांगते, म्हणजे मी त्या दिवशी दुपारी घरी कशी आले ते कळेल. आम्ही हॉस्पिटलच्या चादरी धुतो, वाळवतो, मशिनीखालून काढून घड्या घालतो. जेवणाची सुट्टी लहान आणि ओव्हन एकच, म्हणून सगळ्यांचे डबे मीच आधी जाऊन गरम करून ठेवायची. (दुसरं कोणी केलं तर भांडणं होतात. मी केलं तरी होतात, पण माझ्याशी कोणी जिंकत नाही.) तुमच्या भाषणानंतर मला तिथल्या बायकांच्या प्लॅस्टिकच्या डब्यांची काळजी लागली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, प्रत्येक डब्याच्या बुडाशी त्रिकोण असतो, त्यात आकडा असतो, तो बघितल्याशिवाय गरम करायचं नाही. पुढेही तुम्ही बरंच बोललात, पण मी फोन ठेवला होता. आकडा म्हटलं की मला पुरे. ओव्हनवर मिनिटांचे आकडे, डब्याखाली आकडा. यात शिकायचं काय आहे?

दुसऱ्या दिवशी मी एकेक डबा उलटा करून बघितला. एक आकडा असेल त्याला एक मिनिट, पाच असेल त्याला पाच. बायका बघत राहिल्या. इतकी वर्षं डोळे झाकून गरम करत होतो, बाई, असं एक जण म्हणालीसुद्धा. मला वाटलं, कंपन्या पण किती विचार करतात. आमची सुपरवायझर म्हणजे स्टार्च. खरं नाव वेगळं आहे, पण ती चालते तेव्हा कुठेच घडी मोडत नाही. तिचा मोठा पारदर्शक डबा, खाली सात. म्हटलं, साहेबीण आहे, सात लागणारच.

वन्सं, तो डबा बसला. म्हणजे माणूस दमून बसतो तसा, आधी एक बाजू खाली गेली, मग दुसरी. भाजीचं तेल उकळत होतं आणि झाकण त्यात उतरलं होतं. मी दार उघडलं तेव्हा आत डबा कुठला आणि भाजी कुठली ते वेगळं काढता येत नव्हतं. धूर निघाला, वास धुतलेल्या चादरींच्या गाड्यांपर्यंत गेला, आणि दोन गाड्या चादरी पुन्हा धुवायला टाकाव्या लागल्या. स्टार्च धावत आली. मी म्हटलं, मला काय विचारता, तुमच्या डब्यावरच सात मिनिटं लिहिलंय. ती ओरडली, "अहो बाई, ती मिनिटं नाहीत! तो प्लॅस्टिकचा प्रकार आहे! गरम करायला चालतो त्या डब्यावर ओव्हनचं चित्र असतं!" मग म्हणाली, आजच्या दिवस घरी जा, तुमचं तोंड दिसलं तर माझ्या तोंडून काहीतरी जाईल.

तशी मी भरदुपारी घरी आले. दाराला किल्ली लावणार तर दार ओढून घेतलेलंच नव्हतं, फटीतून आतलं दिसत होतं. हे जमिनीवर बसलेले, पाठ पलंगाला. तुमचा डबा दोन्ही गुडघ्यांत धरलेला. डाव्या अंगठ्याने एक खटका वर ओढत होते. ओढलं की डबा गुडघ्यातून फिरायचा आणि खटका निसटायचा. मग वाकून दातांनी धरला. काच दाताला लागली, तो आवाज मला दारात ऐकू आला. आणि हे त्या डब्याशी बोलत होते, "उघड ना गं बाई. एवढं उघड." लग्न झाल्यापासून मला इतक्या गोडीने कधी काही मागितलं नाही या माणसाने.

मी आत गेले नाही. एक मजला खाली उतरले, जिन्यात बसले, आणि थोड्या वेळाने चपला आपटत, खोकत वर आले. किल्लीचा उगाच आवाज केला. आत बघते तर डबा फ्रिजमध्ये आणि हे पलंगावर. "आज लवकर?" मी म्हटलं, लॉन्ड्रीत धूर केला. सगळं सांगितलं तेव्हा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जेवलात का विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मी म्हटलं, माझा डबा तिकडेच राहिला, मला लागलीये, आणि यांच्यासमोर डबा उघडून, गरम करून ताटात घेतला. दोन घास मी खाल्ले. बाकीचं कुठे गेलं ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. चारही खटके उघडेच सोडून झाकण नुसतं वर ठेवून गेले. संध्याकाळी बघते तर चारही घट्ट लागलेले आणि आत जेवण तसंच. म्हणाले, "डबा उघडाच ठेवून गेलीस. वय झालं तुझं." बंद करायला एक हात पुरतो, वन्सं. उघडायला डबा धरणारा दुसरा लागतो. उघड्या डब्यातलं खाल्लं असतं, तर बंद डबा का उघडत नाही हा प्रश्न आला असता. आणि ते मी ओळखलंय हे यांना कळलं, तर हा माणूस रात्रीचंही जेवायचा नाही. त्यांना वाटतं, उघडता येत नाही हे एकदा बोललं की ते खरं होईल.

प्लॅस्टिकने माणसाचं नक्की काय होतं ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नाही. न जेवता काय होतं ते मी रोज संध्याकाळी बघते.

बाकी काही विशेष नाही. जावयांना आणि लेकीला आशीर्वाद. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची,
ओव्हनवरून काढून टाकलेली भावजय

ता.क. हे सगळं लिहिण्याचं कारण एकच. येत्या रविवारी फोन करा आणि सगळे डबे परत मागा. यांच्याकडेच मागा, माझ्याकडे नाही. लेकीला हवेत म्हणा, चुकून पाठवले म्हणा. शाळेत पोरांची एवढी कारणं ऐकली आहेत, त्यातलं एखादं वापरा. दिलेली वस्तू परत मागणं तुमच्या तत्त्वात बसत नाही, माहीत आहे. तरी मागा. सहाही मागा. एक जरी ठेवून घे म्हणालात, तरी ताईची आठवण म्हणून हे रोज तोच काढतील.

ता.क. दुसरं. मी नवीन प्लॅस्टिकचा डबा आणून लपवून ठेवलाय. खाली ओव्हनचं चित्र आहे, स्टार्चला दाखवून खात्री केली. (ती अजून बोलत नाही, मान हलवली.) झाकण जुन्या डब्यांसारखं नरम आहे, कोपराने मधे दाबलं की एक कड सुटते. गरम जेमतेम करायचं आणि लगेच ताटात काढायचं, एवढं यांना सांगेन. तुम्हाला पटणार नाही. न पटल्याचं पत्र लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठवा.

ता.क. शेवटचं. डबे मागितलेत की हे तुमच्यावर भयंकर चिडतील. ताई अशी कशी झाली म्हणून आठवडाभर धुसफुसतील, आणि मीही त्यांच्या बाजूने तुम्हाला मोठ्याने नावं ठेवीन. (एखादं नाव मनापासूनही असेल.) ऐकू आलं तरी मधे गोड बोलून काही सावरायला जाऊ नका. चिडू द्या. चिडले की यांना भूक लागते.