यादीतला पत्ता

३ मार्च, सोमवार

नाही मिळाला! मोकाट कुत्र्यांच्या निवाऱ्यात फॉर्म भरला, सही केली, हँकने माझ्या गुडघ्यावर डोकंसुद्धा टेकवलं. नऊ वर्षांचा, लांब कानांचा शिकारी कुत्रा, एका पायाने लंगडा. त्याला कोणी नेत नाही. मीही सहासष्टची. म्हटलं, जमेल आमचं.

काउंटरवरच्या मार्व्हाने माझा पत्ता कॉम्प्युटरमध्ये घातला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. राज्याची यादी — जनावरांचे हाल केल्याबद्दल शिक्षा झालेल्यांची. डॉयलचा फोटो. खाली माझ्या घराचा पत्ता.

"लोर्नाबाई, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण त्या घरात आम्ही कुत्रा देत नाही."

"धाकटा भाऊ आहे माझा."

"ठाऊक आहे. अख्ख्या टेनेसीला ठाऊक आहे."

घरी येऊन डॉयलला काही बोलले नाही. बीन्स आणि मक्याचा पाव केला. त्याने दोनदा वाढून घेतलं.

५ मार्च

डॉयलला माझ्याकडे येऊन वर्ष होत आलं. फोटो यादीत लागला आणि लाकडाच्या गिरणीतलं काम गेलं. मालक म्हणाला, "माणूस कामाचा आहेस रे, पण गिऱ्हाइकं मला फोनवर तुझं तोंड दाखवतात." मग घरमालकानेही खोली रिकामी करायला लावली.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या जुलैत चार कुत्री पिंजऱ्यात बंद करून तो प्यायला गेला तो सहा दिवस परतलाच नाही. दोन पाण्यावाचून मेली. तेव्हापासून दारूला शिवलेला नाही. कोर्टात विचारलं, काही सांगायचंय का? "नाही. कुत्री माझी होती." एवढंच बोलला. मी मागच्या बाकावर होते.

९ मार्च, रविवार

कळलंच त्याला! चर्चच्या पायरीवर कोणीतरी ऐकवलं — "तुझ्यापायी बहिणीला साधं कुत्रं मिळेना!"

१० मार्च

बॅग भरतोय.

"कुठे निघालास?"

"दोस्ताकडे, अर्लकडे. त्याच्या आवारात चाकांवरची खोली पडून आहे. कुंपण दुरुस्त करायला त्याला माणूसही हवाय."

"वेडा आहेस का? पुढच्या वर्षी निघेलच की यादीतून तुझं नाव."

"तोवर तो म्हातारा कुत्रा थांबेल का, ताई?"

हात धरला असता तर थांबला असता. नाही धरला. उलट — लिहायला लाज वाटते — मनात हँकचं अंथरूण कुठे घालायचं ते ठरवत होते.

१४ मार्च

पत्ता बदलला यादीत. हँक घरी आला!!

१९ मार्च

डॉयलच्याच खोलीत झोपतो. उशीत नाक खुपसून. घरात पुन्हा कोणाच्या तरी पावलांचा आवाज आहे. बरं वाटतं. फार बरं वाटतं.

३० मार्च, रविवार

डॉयल आला. फाटकाबाहेरच उभा.

"आत ये की. जेवायला वाढते."

"नको. कोणी बघितलं तर मार्व्हा तुझा कुत्रा घेऊन जाईल."

हँक लंगडत धावत गेला, फटीतून नाक बाहेर काढलं, शेपटीसकट सगळं अंग हलवलं. डॉयलने दोन्ही हात खिशात घातले. काढलेच नाहीत.

"नाव काय याचं?"

"हँक."

"हँक," तो म्हणाला. अगदी हळू. मग माझ्याकडे न बघता — "ताई, पाणी रोज बदलतेस ना त्याचं?"

टोमणा नव्हता. एवढासुद्धा नव्हता. खरंच विचारत होता.

ताट कुंपणावरून दिलं. उभ्यानेच जेवला, ताट परत दिलं, गेला. मी ओट्यापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे.

१ एप्रिल

जेवण जात नाही. हँक पाणी प्यायला लागला की मी खोलीतून उठून जाते.

४ एप्रिल, शुक्रवार

हँकला घेऊन मार्व्हाकडे गेले. सगळं सांगितलं. त्या जुलैत दुसऱ्याच दिवशी डॉयलचा मला फोन आला होता. "ताई, मी काही धड नाही. कुत्र्यांना पाणी तेवढं घाल." "बघते," म्हणाले. रागात होते. गेले नाही. सहाच्या सहा दिवस गेले नाही. आणि त्याने कोणालाच सांगितलं नाही.

मार्व्हाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठली, आणि हँकचा पट्टा माझ्या हातातून काढून घेतला.