‘येसाई’चे हक्क आणि माझ्या बाकीच्या वस्तू

आधी घडलेल्या गोष्टी, क्रमाने.

१. माझे वडील पुंजाजी तुळशीराम अंभोरे, प्राथमिक शिक्षक, यांनी १९९१ साली ‘येसाई’ हे नाटक लिहिलं. येसाई ही त्यांची आजी. १९५६ साली दीक्षा घेऊन गावी परतल्यावर तिने घरातले देव टोपलीत घालून नदीवर नेले आणि एकेकाचा निरोप घेऊन पाण्यात सोडले. नाटक त्या एका दिवसाचं आहे.

२. दर वर्षी १३ एप्रिलला, जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, मेडशीत आमच्या वस्तीतल्या विहारासमोर ते होतं.

३. १९९१ ते २०२४ या काळात, टाळेबंदीची दोन वर्षं सोडून, बत्तीस प्रयोग झाले. बत्तीसही वेळा येसाईचं काम लखीराम गोविंदसिंग आडे यांनी केलं. ते पुरुष आहेत, बंजारा आहेत, शेजारच्या तांड्यावर राहतात.

४. ऑगस्ट २०२२ मध्ये वडील वारले. नाटकाचे सर्व हक्क त्यांनी माझ्या नावे लिहून ठेवले होते.

५. १६ फेब्रुवारी २०२५ रोजी विहारातल्या बैठकीत मी सांगितलं, की यापुढे येसाईचं काम आपल्या समाजातली स्त्रीच करील. लखीराम काका हजर होते. त्यांना मी आधी काही सांगितलं नव्हतं.

६. १३ एप्रिल २०२५ रोजी माझी चुलत बहीण निकिता हिने ते काम केलं.

७. माझा भाऊ संघदीप, वय ३२, याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. माझी डावी किडनी त्याला बसवण्याची शस्त्रक्रिया नागपूरला ११ मार्च २०२६ रोजी ठरली आहे. दात्याचा जीव जाण्याची शक्यता दहा हजारांत तीन एवढी आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, धम्मदीपा पुंजाजी अंभोरे, वय २९ वर्षे, डायलिसिस तंत्रज्ञ, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, हे स्वतः टाईप केलं आहे. डोकं ठिकाणावर आहे. दात्याची मानसिक तपासणी करावी लागते, तिचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट आईने दोनदा थांबवलं. “असं अभद्र कायले लिहून राह्यली वं?” मी म्हटलं, मशीन लावण्याआधी आम्ही यादी तपासतो, ती मशीन बिघडावं म्हणून नाही. तिला पटलं नाही. पण चहा आणून दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर आईच्या, म्हणजे लिलाबाई पुंजाजी अंभोरे यांच्या नावावर आहे. जे माझं नाही ते मला देता येत नाही. बँकेत जे असेल ते आईचं. स्कूटी संघदीपची, पण डॉक्टर चालवायला परवानगी देतील तेव्हाच. तो आधीच चालवेल, म्हणून किल्ली आईकडे राहील.

कलम २. डावी किडनी मृत्युपत्रात येत नाही. ती मी जिवंतपणी देणार आहे आणि ती परत घेता येत नाही. संघदीपला एवढंच सांगणं, की गोळ्यांची वेळ चुकवायची नाही आणि पाण्याचा हिशेब आता उलटा होईल. चार वर्षं त्याला ग्लास मोजून दिला. आता भरपूर प्यायचं. मी हे तोंडी सांगितलं असतं, पण तो ऐकताना हसवतो.

कलम ३. माझे डोळे आणि जे अवयव उपयोगी पडतील ते द्यावेत. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत भाषणं नकोत.

कलम ४. नाटकाच्या दिव्यांसाठी मी बनवलेला आठ बटणांचा डिमर बोर्ड नाटकाच्या सामानासोबत राहील. तो गणेश मंडपवाले यांना देऊ नये. ते मागतील. २०१९ साली मी बोर्ड लावत असताना ते माईकवरून म्हणाले होते, “ताई, शॉक लागंन, मानसायले करू द्या.” त्यानंतर सात वर्षं त्यांच्या प्रत्येक मंडपात फ्यूज उडाला की फोन मला येतो आणि मी जाते. बोर्डाची आकृती मात्र त्यांना द्यावी. शिकायची इच्छा असेल तर त्यांनी तो स्वतः बनवावा. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा संच माझी सहकारी वैजयंती हिला द्यावा.

कलम ५. ‘येसाई’ नाटकाचे हक्क.

हे कलम मी चार वेळा लिहिलं. पहिल्या मसुद्यात एकच ओळ होती: येसाईचं काम बौद्ध समाजातल्या स्त्रीनेच करावं, अन्यथा प्रयोगास परवानगी नाही. ती ओळ मी काढली आहे. का काढली, ते लिहिणं भाग आहे, नाहीतर नंतर कोणीतरी म्हणेल की ऑपरेशनच्या भीतीने हिचं मन मऊ झालं.

१९९१ साली वस्तीतली कोणीही बाई रंगमंचावर उभी राहायला तयार नव्हती, असं वडील सांगत. वस्तीतल्या पुरुषांना साडी नेसायची नव्हती. लोकांपुढे नाचणं, सोंगं करणं हे आमच्या लोकांनी दीक्षेबरोबर सोडलं होतं, ते पुन्हा अंगावर घ्यायला कोणी धजेना. वडिलांनी नदीतले पाच धोंडे टोपलीत घातले आणि येईल त्याला सांगितलं, ही डोक्यावर घेऊन आमच्याकडे पाठ करून चालत जा. चेहरा पाहायचा नाही, फक्त पाठ. तिघांनी करून पाहिलं. चौथे लखीराम काका. ते वडिलांचे शाळासोबती, ग्रामपंचायतीचा नळ सोडायचं काम करायचे, सहज उभे होते. वडील म्हणत, “बाकीचे टोपली उचलत होते. लख्या देव उचलून राह्यला होता.” काकांना विचारलं की चालणं कुठे शिकलात, तर म्हणत, “नळावर. पानी उशिरा सोडलं का बाया कशा चालत येतात, ते माह्याइतकं कोनं पाह्यलं?”

मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांची येसाई पाहिली आहे. नदीच्या प्रसंगात ती शेवटचा देव हातात घेऊन म्हणते, “तुले निवद दाखवू दाखवू मी उपाशी राह्यली, अन् तू बी कोरडाच राह्यला. जाय बापा, पान्यात सुखी राहाय. मले पोरीले शाळेत न्याचं हाये.” काका हे ओरडून म्हणत नसत. लेकराला झोपवावं तसं म्हणत. समोरच्या बायांत रडणं सुरू होई. मी लाईट कमी करत असे, मला बटणाकडे पाहावं लागे, ते बरं होतं.

तरी मी त्यांना काढलं. कारण होतं, आणि ते कारण मी आजही मागे घेत नाही. आईला येसाईचं काम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाठ आहे. कणीक मळताना ती ते म्हणते. बत्तीस वर्षं तिने नाटकमंडळींचा स्वयंपाक केला. वडिलांनी तिला कधी विचारलं नाही. ज्या नाटकात एक बाई सगळ्या गावासमोर स्वतःचा निर्णय घेते, त्या नाटकात बत्तीस वर्षं वस्तीतली एकही बाई उभी राहिली नाही. हे चूक होतं. निकिता उभी राहिली त्या संध्याकाळी आई पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, “माह्या मनातली येसाई अशीच चालते.”

त्याच संध्याकाळी शेतकऱ्यांच्या आळीतल्या रंगूबाई, ज्या दर वर्षी पाहायला येतात, मला म्हणाल्या, “पोरीनं चांगलं केलं. पन लख्या रडवे.” दोन्ही खरं आहे. एका खऱ्याने दुसरं खोटं होत नाही, हे मला मशीनवर काम करताना कळतं. माणसांच्या बाबतीत उशिरा कळलं.

चूक निर्णयात नव्हती, मी जे बोलले त्यात होती. बैठकीत मी म्हणाले होते, “ज्यांनी देव सोडले नाहीत, त्यांनी ते सोडण्याचं दुःख दाखवू नये.” वाक्य जमून आलं होतं. टाळ्या पडल्या. काका उठून कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. बैठक संपेपर्यंत बसले.

या जानेवारीत ते आणि हेमला काकी संघदीपला भेटायला डायलिसिसच्या वॉर्डात आले. तो मशीनवर होता. काकांनी नळ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

“धम्मे, बाईचा गुर्दा मानसाच्या आंगात कसा चालंन वं?”

“चालतो काका. रक्तगट जुळला. क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, म्हणजे त्याचं रक्त माझ्या पेशींवर धावून जात नाही.”

“अन् जातपात?”

“फॉर्मवर तो रकानाच नाही.”

संघदीप म्हणाला, “काका, बाईचा गुर्दा बसला का पुढच्या साली येसाई मीच करतो.”

“तुले लुगडं नेसता येते का?” हेमला काकी म्हणाल्या. “ह्यायलेच मी दर साली नेसवलं. बत्तीस साल झाले, निऱ्या अजून जमत नाही.”

काका हसले. मग मशीनकडे पाहतच म्हणाले, “मंग बाई-मानूस, जातपात मलेच तेवढं काहून इचारलं, बेटा?”

मी मशीनवरचा दाब पाहिला. तो ठीक होता. पाहायची गरज नव्हती.

उत्तर मी आता देते. तुलना पूर्ण लागू होत नाही. पोटातल्या किडनीला कोणी पाहत नाही, रंगमंचावरच्या माणसाला सगळे पाहतात, आणि कोणाला पाहायला मिळतं यावरून पोरी ठरवतात की आपल्याला काय करता येईल. पण काका, तुम्ही तुलना करत नव्हता, हे मला कळतं. तुम्ही विचारत होता की बत्तीस वर्षांत जुळलं की नाही.

जुळलं होतं.

जाताना हेमला काकींनी मला लिफ्टपाशी थांबवलं. त्या जे म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत नोंदवते. “दर साली चौदा एप्रिलले सकाळी हे सेवालाल महाराजाच्या मंदिरात जाऊन उभे राह्यते. पह्यल्या साली तांड्यावर कोनं यायच्या हातचा चहा नाही पेला, देव बुडवून आला म्हने. तवापासून जाते. म्हनते, काल जे बोललो ते माह्या दोस्ताच्या आजीचं बोलनं होतं. ते खरं होतं. माह्यं मन तुह्यापाशीच हाये. एवढं म्हनते अन् कामाले जाते.”

मी विचारलं, गेल्या वर्षी?

“गेलेच नाही. म्हने, आता काय सांगू जाऊन?”

म्हणून हे कलम असं:

(अ) ‘येसाई’चे सर्व हक्क निकिता आणि लखीराम गोविंदसिंग आडे यांना समान, एकत्र. प्रयोगाला दोघांची सही लागेल.

(आ) येसाईचं काम कोण करील यावर जन्माची, जातीची, धर्माची, स्त्री-पुरुषाची अट नाही. टोपली आणि पाच धोंडे ही अट आहे. परीक्षा पाठीवरून.

(इ) आमच्या वस्तीतल्या किमान एका स्त्रीला बोलण्याचं काम असल्याशिवाय प्रयोग होणार नाही. ज्यांना कधी उभं राहू दिलं नाही त्यांचा हक्क पहिला. पहिला म्हणजे एकटा नव्हे. ही ओळ मी निकिताला वाचून दाखवली. ती म्हणाली, “ताई, मले येसाई कराची हाये अन् पाहाची बी हाये. मी काकाचीच पाहून शिकली. या साली त्यायले करू दे, मी सुनेचं काम करतो, पुढच्या साली पाहू.” निर्णय तिचा आहे, मी सुचवलेला नाही.

(ई) वडिलांच्या हस्ताक्षरातली मूळ वही आईकडे राहील. या महिन्यात मी आईला विचारलं, तू करशील का येसाई? तिने पोळी उलटली. म्हणाली, “आता गुडघे नाही राह्यले. पन इचारलं, बरं केलं.”

कलम ६. लखीराम काका यांना माझ्याकडून माफी. बैठकीतलं ते वाक्य मी परत घेते. ते चुकीचं होतं, आणि ते खरं आहे की खोटं हे मी तुमच्या घरी येऊन विचारलं नव्हतं. तांडा आमच्या दारापासून आठ मिनिटांवर आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आई करील. ज्यांना यातून काही मिळतं त्यांना साक्षीदार केलेलं नाही, फक्त वैजयंतीने मल्टिमीटर सोडायची तयारी दाखवून सही केली आहे. त्यामुळे कलम ४ मधला तो भाग रद्द. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा संच निकिताला.

सही: धम्मदीपा पुंजाजी अंभोरे

साक्षीदार १: वैजयंती भगवान सरकटे, परिचारिका. सही.
साक्षीदार २: गुलाबसिंग भाऊसिंग चव्हाण, निवृत्त मुख्याध्यापक. सही.
दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

ठिकाण: मेडशी
दिनांक: १ मार्च २०२६

प्रत: लखीराम काका यांना, आजच, हातोहात.

काका, सही झाल्यावर एक तांत्रिक दोष लक्षात आला. मृत्युपत्र मी मेल्यावरच उघडतात. दहा हजारांत नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव वेळा मी मरणार नाही, म्हणजे कलम ६ तुमच्यापर्यंत जवळजवळ कधीच पोचणार नाही. म्हणून प्रत आधी देते आहे. ती माफी आजपासून लागू समजावी.

तालीम रविवारी, ८ मार्चला संध्याकाळी पाच वाजता विहारात सुरू होते. सोमवारी सकाळी आम्ही नागपूरला निघतो. १३ एप्रिलला मला वजन उचलता येणार नाही, पण बसता येईल.

या वर्षी येसाईचं काम तुम्ही कराल का, एवढं कळवावं. ‘नाही’ असेल तरी चालेल, कारण लिहायची गरज नाही. उत्तर शनिवार, ७ मार्चपर्यंत द्यावं.