दूध संस्थेत मीराची बॅटरी

मंगळवार, वैशाख वद्य चतुर्थी, नांदूरघाट (जि. बीड)

लिहिताना हात थांबत नाही! गेल्या उन्हाळ्यात दूध संस्थेची बॅटरी पेटली. तेव्हापासून वीज गेली की दूध नासतं, तरी चेअरमन नव्या बॅटरीचं नाव काढू देत नाहीत. आज माझी संशोधक भाची मीरा स्वतः बनवलेली घेऊन गेली. हिच्यात पेटणारा द्रव नाही, पॉलिमरचा पापुद्रा आहे. मी त्याला 'घनविद्युद्वाहक' म्हणालो.

"मामा, पापुद्राच म्हणा. तुमचा शब्द संपंतोवर दूध नासंल!"

तिनं बॅटरीला दिवा जोडला आणि चालू बॅटरी कात्रीनं कापली. धूर नाही, दिवा तसाच! मी दाराशी उभा होतो, अर्थात बातमीदार म्हणून.

"पाणी किती लागतं हिला?" दुष्काळात चेअरमन प्रत्येक गोष्टीबद्दल हेच विचारतात.

"पाणी तर हिचा वैरी हाय, काका. कोरड्यातच बनती."

"मग बीडचीच की! बसव उद्या."

बसव! आज्ञार्थ इतका गोड कधी लागला नव्हता.