गीझरच्या जागी ओव्हन

ताई,

ओव्हन बाथरूमच्या दारात स्टुलावर आहे. घाबरू नको, तो आंघोळीले आला नाही.

म्या मीटर लावून पाह्यलं. घरात २३० व्होल्ट येते, ओव्हन ८ अँपिअर ओढते. गुणाकार केला तर १८४० वॅट. स्वयंपाकघरातला बारका प्लग सहा अँपिअरचा, म्हणून काल काळा पडला. आपण बकरीले ट्रॅक्टर ओढायले लावला होता. सोळाचा प्लग घरात एकच, गीझरचा. म्हणून गीझरले आज सुट्टी.

अन् बाबा म्हणतात तशी कॉईल गेली नाही. २३० भागिले ८, जवळपास २९ ओहम. तार आत चिकटली असती तर आकडा पार खाली आला असता. ओव्हन जुना आहे, भंगार नाही. तू काल रडली ते वाया गेलं.

गझालाचाचीच्या घरी संध्याकाळी सगाई आहे. पहिलीच ऑर्डर, नानखटाई चारपर्यंत पोचव. ओल्या हातानं बटन दाबू नको.

ओव्हन आल्यापासून बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, म्हणून म्या सकाळी अँपिअरचं भाषण तयार ठेवलं होतं. ते टॉवेल घेऊन आले. त्यांनी ओव्हन पाह्यला, गीझर पाह्यला, अन् या थंडीत गार पाण्याची बादली घेऊन आत गेले. आतून दात वाजवत आवाज आला, “तिले सांग, ट्रे टाकायच्या आधी ओव्हन चांगला तापू दे म्हणा.”

मी मारेगावले जाऊन राह्यलो. पहिल्या ट्रेमधल्या दोन नानखटाया बाबाले दुकानात नेऊन दे. गरमच ने.

अमर