रिकामी जळणारी भट्टी

३ फेब्रुवारी

चि. छोटूस ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, कारण महिनाभर तुझी एक ओळ नाही.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पण क्षेम काही नाही. परदेशी अत्तरवाल्यांनी आपल्या काचेच्या बाटल्यांची मागणी एकदम थांबवली. मंदीत लोक आधी अत्तर सोडतात म्हणे. तू नियोजन खात्यातला अर्थतज्ज्ञ, तुला जगभरचं कळतं. मला आपली शेड तेवढी दिसते. बाबांच्या वेळचे उस्ताद काच फुगवायची फुंकणी भिंतीला टेकवून बाकावर बसून असतात. त्यांना असं रिकामं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मला एकच सांग. भट्टी विझवू का? बाबा गेल्यापासून ती एकदाही विझलेली नाही. थंड झाली की आतल्या विटा तडकणार, काच वितळवायची मूस फुटणार, आणि हे सगळं पुन्हा बांधायची ऐपत आपल्यात नाही. पेटती ठेवायची तर काम नसताना नुसतं तेल जाळायचं. त्यासाठी मागचं आवार विकावं लागेल, आणि त्यावर तुझाही हक्क आहे.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने तू चढू नको, नवऱ्याला चढव. त्याचं पोटही कमी होईल.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेली,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. धपाटा पोचला, अजून पाठ चोळतोय.

भट्टी अजिबात विझवू नकोस. भाऊ म्हणून सांगतो आणि खात्यातला माणूस म्हणूनही. मंदीत छोट्या कारखान्यांना तगवायची योजना तयार होते आहे, मसुदा मीच लिहितो आहे. मदत चालू कारखान्यांनाच मिळेल. ज्याचं धुराडं थंड, त्याचं नाव गळणार. तिमाही माहिती घ्यायला माणूस येईल, त्याला किती तेल जळलं ते नीट सांग. बाटल्या कोण मोजत बसणार? एवढं तेल म्हणजे एवढी काच, असा आमच्याकडे हिशेब असतो.

आवार विकून टाक. संमती सही करून सोबत पाठवली आहे. तिथे आपण लगोरी खेळायचो ते आठवून जरा वाईट वाटलं, पण भट्टी राहिली पाहिजे.

उस्तादांना नमस्कार सांग. लहानपणी मी गरम बाटली उचलली तेव्हा त्यांनी माझा हात कितीतरी वेळ पाण्यात धरून ठेवला होता. त्यांच्या पोटाला चिमटा बसू देणार नाही, हा माझा शब्द.

तुझ्या रागालोभाचा हक्काचा धनी,
छोटू

१९ एप्रिल

चि. छोटूस अ. उ. आ.

आवार गेलं. घेणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्र्याचं कुंपण घातलं, आता मागचं दार उघडलं की तेच समोर येतं. सगळे अर्ध्या पगारावर कामाला येतात. तक्रार कोणाची नाही, कारण तुझा शब्द आहे. पॅकिंगच्या काकू तर म्हणतात, आपला छोटू खुर्चीत आहे तोवर घाबरायचं कशाला.

माहिती घेणारा माणूस येऊन गेला. तेल सांगितलं, आणि बाटल्या शून्य असंही सांगितलं. तो म्हणाला की ते कोणी बघत नाही. मी म्हटलं, माझा भाऊ बघेल.

तू रेडिओवर बोलणार असल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. शेडमध्ये सगळ्यांना बसवून ऐकणार आहोत. उस्तादांनी ठेवणीतला सदरा काढून ठेवलाय, जसं काही तू त्यांना दिसणारच आहेस.

माया आहेच, ती अशीच असू दे.
ताई

२ मे

छोटू,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

रेडिओ मोठा केला होता. तुझा आवाज आला आणि उस्तादांनी डोळे पुसले. जग मंदीत बुडत असताना आपली वाढ थांबलेली नाही, काचेचा धंदा गेल्या वर्षाइतकाच जोरात आहे, असं तू सांगितलंस. एवढ्यावर थांबला असतास तर मी मनाची समजूत घातली असती. पण तू माझं उदाहरण दिलंस. तुझ्या चांगल्या ओळखीची एक बाई आहे म्हणे, तिने सरकारपुढे हात न पसरता भट्टी धडधडत ठेवली आहे. असे धंदे आपल्या पायावर उभे आहेत, म्हणून त्यांच्या मदतीचा पैसा बंदरांकडे आणि महामार्गांकडे वळवला, आणि ते शहाणपणाचं झालं. चांगल्या ओळखीची बाई! मी तुला अंगाखांद्यावर खेळवलं रे.

 मग काकूंनी विचारलं, धंदा जोरात आहे तर आमचा अर्धा पगार गेला कुठे? त्यांना वाटतंय, बाटल्या परस्पर विकून मी त्यांच्या तोंडाला पानं पुसते आहे.  उस्ताद माझ्याकडे न बघता उठून गेले.

तुला सगळं माहीत होतं. भट्टी रिकामी जळते आहे हे मीच लिहिलं, जाळत राहा असं तूच सांगितलंस, आवारावर सही केलीस. तू केसाने गळा कापलास.

ताई

११ मे

ती. ताईस, पायांवर डोकं ठेवून.

तुझं पत्र मिळालं, तुझा राग कळला. तरी शांतपणे ऐक. कर्ज देणारे परदेशी लोक दारात बसले होते. वाढीचा आकडा घसरला असता तर त्यांनी हात आखडता घेतला असता, मग बंदरही नाही आणि कोणाला मदतही नाही. योजना खरी होती, ताई. मी मनापासून लिहिली होती. वरून ती कापली गेली तेव्हा तुला कळवायचा धीर झाला नाही. मोठे प्रकल्प उभे राहिले की चार-दोन वर्षांत त्याचा लाभ खालपर्यंत झिरपतो, एवढा विश्वास ठेव.

मला बढती मिळाली आहे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो.

आणि एक विनंती आहे. आणखी एक तिमाही भट्टी विझवू नकोस. तुझं बघून बाकीचेही विझवतील, आणि काचेचा आकडा आताच पडला तर मी तोंडावर आपटेन. तेलाचं मी माझ्या पगारातून बघतो.

रागावलीस तरी मला तोडू नकोस.
छोटू

२४ मे

चि. छोटूस,

चिरंजीव लिहायचं नव्हतं, पण हाताला सवय आहे.

तुझं तेल नको. तुझं पत्र मी शेडमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी माझे हात धरले आणि त्या रडल्या. बढतीच्या ओळीला कोणीतरी हसलं. उस्ताद म्हणाले, बाबांनी भट्टी पेटवली तेव्हा शेजारी मी होतो, तर विझवतोही मीच.

पण आधी त्यांनी मुशीच्या तळाशी राखून ठेवलेल्या काचेच्या रसातून एक बाटली फुंकली. मग तेलाची नळी बंद केली. थोड्या वेळाने आत विटा तडकायला लागल्या. आम्ही सगळे उभं राहून ऐकत होतो. बाबा गेले त्या दिवशीही मी एवढी रडले नव्हते. उद्यापासून जो तो आपापलं काम शोधेल. उस्तादांना या वयात कोण काम देणार, ते मला माहीत नाही.

ती बाटली तुला पाठवायची असं त्यांनीच सांगितलं. मी नको म्हणत होते. तुझ्या खात्यासाठी आमचं या तिमाहीचं सगळं उत्पादन सोबतच्या खोक्यात आहे. निदान एवढं तरी स्वतः मोज. बाटली पुरती थंड झाली आहे, हात भाजणार नाही, असा उस्तादांचा निरोप आहे.

लोभ आहे. तो वाढावा असं या खेपेला लिहवत नाही.

ताई